बावीस चौकोन

पुराच्या पाण्याने लवू गोताडला एक गोष्ट कायमची शिकवली होती, कागद टिकत नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या सव्वीस तारखेला नवघरच्या त्यांच्या चाळीत कमरेइतकं पाणी चढलं आणि ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. रेशनकार्ड, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा एकुलता एक फोटो, सगळं एकमेकांना चिकटून बसलं. पुढचं वर्षभर तो नकलांसाठी या कचेरीतून त्या कचेरीत फिरला. तेव्हापासून घरात कुठलाही महत्त्वाचा कागद आला की लवू तो हंसाबेनच्या झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा आणि प्लास्टिकमध्ये बंद करून आणायचा. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्याच्या शेजारच्या पॉलिशच्या मशीनवर राघो असायचा. तो म्हणायचा, "लवूदा, एक दिवस वहिनीलापण लॅमिनेट करून आण."

मे महिन्यातल्या त्या रविवारी लवूच्या पिशवीत दोन कागद होते. एक डॉक्टर म्हात्र्यांची चिठ्ठी, मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या हृदयविकार विभागाच्या नावाने. दुसरी, वीतभर लांबीची कागदाची पट्टी. गुलाबी चौकोनांची, त्यावर काळी नागमोडी रेघ.

ही पट्टी मिळाली तो निव्वळ योगायोग होता. महिन्याभरात अंबिका दोनदा पडली होती. एकदा नळावर, एकदा जिना उतरताना. पडायची, दहा-पंधरा सेकंदांत डोळे उघडायची आणि वर म्हणायची, "काही नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली." शनिवारी लवू तिला बळेबळेच म्हात्र्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी खाटेवर झोपवून हातापायांना आणि छातीला वायरी लावल्या, मशीन चालू केलं आणि त्याच मिनिटाला अंबिका पुटपुटली, "अंधार झाला." मशीनमधून कागद सरकत होता. त्यावरची उंच टोकं एकाएकी थांबली. डॉक्टरांनी तिचे गाल थोपटले, तोवर टोकं परत आली.

डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली आणि पेनाच्या टोकाने मोजली. "बावीस मोठे चौकोन. एका चौकोनाला सेकंदाचा पाचवा भाग. म्हणजे साडेचार सेकंदांच्या आसपास. काका, एवढा वेळ काकूंच्या हृदयाने ठोकाच दिला नाही." मग त्यांनी चिठ्ठी लिहिली, पट्टी तिला टाचली आणि बजावलं, "सोमवारी सकाळीच जा. चिठ्ठीपेक्षा पट्टी महत्त्वाची. सांभाळा."

सांभाळा म्हटल्यावर लवूला दुसरं काय सुचणार?

हंसाबेनने चिठ्ठीची टाचणी काढली. "लवूभाई, पहले झेरॉक्स निकालूं क्या?"

"नको. झेरॉक्स पुसट होते. ओरिजिनलच पक्कं करून द्या."

आधी चिठ्ठी गेली, झकास बाहेर आली. मग हंसाबेनने पट्टी प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये सरळ ठेवली आणि मशीनच्या तोंडात सरकवली. दोन गरम रुळांनी ती आत ओढून घेतली. लवू पलीकडे हात पुढे करून उभा होता. आधी एक काठ दिसला. काळा. मग आणखी काळा. पट्टी पूर्ण बाहेर आली तेव्हा ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चुलीमागच्या भिंतीसारखी काळी होती. चौकोन नाहीत, रेघ नाही. वर प्लास्टिक मात्र छान चकाकत होतं.

"हाय हाय," हंसाबेन म्हणाली. "ये कैसा कागद है?"

लवूने ती पट्टी शर्टाला पुसली. परत पुसली. नखाने खरवडून पाहिली. दवाखाना रविवारी बंद होता. घरी आल्यावर अंबिकाने विचारलं, "झालं का तुमचं प्लास्टिक?" तो हो म्हणाला आणि पिशवी खुंटीला अडकवली.

सोमवारी मुंबईला बाकावर चार तास काढल्यावर त्यांचा नंबर आला. टेबलामागची डॉक्टरीण तिशीचीही नसेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, एका हाताने लिहिणं, दुसऱ्या हाताने पुढचा केसपेपर ओढणं. तिने चिठ्ठी वाचली, प्लास्टिकवर बोट वाजवलं. "हे काय, यावर शिक्का कुठे मारू मी?" मग अंबिकाचा कार्डिओग्राम काढायला लावला. तो आला. व्यवस्थित, एकसारखा.

"आज तर नॉर्मल आहे, मावशी. यांनी लिहिलंय साडेचार सेकंदांचा पॉज. ती पट्टी कुठाय?"

लवूच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत पट्टी होती. अंबिका शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती.

"डॉक्टरांकडे राहिली," लवू म्हणाला.

"मग कसं करू मी?" ती वैतागून नाही, थकून बोलली. "बाबा, बाहेर बघा. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तातडीचं म्हणून लिहिलेलं असतं. छोट्या दवाखान्यांत वायर सैल झाली तरी रेघ सपाट येते आणि ते घाबरून इकडे पाठवतात. मी पट्टी बघितल्याशिवाय खाट मागू शकत नाही. चोवीस तास छातीला बांधायचं मशीन असतं, त्यात सापडेल. त्याची तारीख देते." रजिस्टर उलटत उलटत तिने बोट थांबवलं. "सात ऑगस्ट."

"ऑगस्ट?"

"दोन मशीन आहेत, त्यातलं एक दुरुस्तीला गेलंय. आणि ती पट्टी मिळाली ना, तर ऑगस्टपर्यंत थांबू नका. कुठल्याही वेळी सरळ कॅज्युअल्टीत या. ती बघितल्यावर कोणी परत पाठवणार नाही."

परतीच्या वाटेवर लवूने बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. अठ्ठ्याहत्तर. अकरा आठवडे आणि वर एक दिवस. अंबिका म्हणाली, "एवढं काय तोंड पाडता? कोकणात आमच्याकडे आंब्याचीपण वाट बघतात तेवढी."

संध्याकाळी तो एकटाच म्हात्र्यांकडे गेला आणि पट्टी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलून दिव्याखाली धरली. मग म्हणाले, "काका, हा शाईचा कागद नसतो. मशीनचा काटा तापलेला असतो. तो जिथे टेकतो तिथे कागद काळा पडतो, तीच रेघ. तुम्ही सगळाच कागद तापवलात."

"मशीनमध्ये असेल ना पण? फोटोची निगेटिव्ह असते तसं?"

"माझं मशीन जुनं आहे, त्याला आठवण नाही. जे कागदावर उमटलं तेवढंच."

"मग आता?"

"आता तसंच पुन्हा झालं पाहिजे, आणि ते होताना वायरी लावलेल्या असल्या पाहिजेत." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी चष्मा काढला. "मी दुसरी चिठ्ठी देतो, पण ते पट्टीच मागणार. खाजगीत लगेच होईल."

खाजगीत म्हणजे काय ते लवू जाणून होता. मिरा रोडच्या एका रुग्णालयाच्या दारापर्यंत तो जाऊनही आला. तिथे आधी अनामत भरायची, मग वायर लावायची. तो तसाच मागे फिरला.

म्हात्र्यांनी त्याला नाडी बघायला शिकवली. अंगठ्याच्या खाली, तीन बोटं, घड्याळावर नजर. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवला की लवू अंबिकाचा हात धरून बसायचा. बहात्तर. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. दोन ठोक्यांच्या मधली ती एवढीशी जागा त्याने आयुष्यात कधी ओळखली नव्हती, आता तिथेच त्याचा जीव अडकून बसायचा. ठोका यायचा, तो श्वास सोडायचा, की लगेच पुढची जागा तयार.

कारखान्यात गेल्यावर हात धरता येत नव्हता, म्हणून त्याने मिस्ड कॉलची युक्ती काढली. चिपळूणला दिलेल्या मुलीने आपला जुना मोबाइल आईला देऊन ठेवला होता. दर तासाच्या ठोक्याला अंबिकाने एक रिंग द्यायची आणि कापायचं. बोलायचं नाही, उचलायचं नाही. रिंग आली म्हणजे ती बरी आहे. पॉलिशच्या मशीनच्या खरखराटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून तो मोबाइल थरथरीवर करून शर्टाच्या खिशात ठेवायचा. आठ वाजले की छातीवर एक थरथर. नऊ वाजले की एक. राघोने दोन दिवस बघितलं आणि म्हणाला, "काय रे, वहिनी आता कामावरपण हजेरी घेते?" लवू हसला. हसताना त्याचं अर्धं लक्ष खिशाकडे होतं.

एका मंगळवारी दहाची थरथर आली. अकराची आली नाही.

लवूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून एक. घड्याळ पुढे असेल. अकरा दोन. ती मणी ओवत असेल. नकली दागिन्यांचे सर ओवण्याचं काम ती घरी करायची, सर मध्येच सोडला की मणी घरंगळतात. अकरा तीन. हातातली थाळी त्याने चाकावर तशीच धरून ठेवली होती, ती तापून बोटाला चटका बसला. अकरा चार. त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि बाई काहीतरी बोलून बंद झाली.

मशीन चालूच टाकून तो निघाला. कारखान्यांच्या गल्लीतून पत्र्यांच्या गठ्ठ्यांना, हातगाड्यांना चुकवत, एका टेम्पोवाल्याची शिवी खात तो पळत सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस, पायात रबरी चपला. पळतानाही तो मोजत होता. काय मोजतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. एक, दोन, तीन, चार, आणि परत एक.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत मोरीच्या भिंतीला टेकून अंबिका बसलेली. हंडा आडवा, लादीवर पाणीच पाणी, कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ. फळीवर तिचा मोबाइल. तिचे डोळे उघडे होते.

"आलात? बरं झालं," ती क्षीण आवाजात म्हणाली. "मोरी धुवायचीच होती. पाणी आयतं सांडलंय."

लवू तिच्यापुढे ओल्या लादीवर बसला. मनगट धरलं. ठोके होते. एकसारखे, शहाण्यासारखे, जणू मघाशी काही झालंच नाही. आणि त्या क्षणी त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा: वाया गेला.

झटका येऊन गेला आणि वायरी लावलेल्या नव्हत्या. वाया गेला.

मग त्याला आपलीच भीती वाटली. ज्या गोष्टीच्या धास्तीने आपल्याला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही, तीच यावी म्हणून आपण आतल्या आत टपून बसलो होतो! कालच त्याने मनाशी हिशेब घातला होता, की ती पाणी भरताना पडते, वाकून उठताना पडते, तर दवाखान्याच्या जिन्यावरून तिला एखादा हंडा न्यायला लावला तर? हा विचार त्याने खरंच केला होता. पुरा केला होता. नंतर भाजी निवडायला घेतली होती.

"अंबे," तो म्हणाला, "पट्टी डॉक्टरांकडे नाही राहिली."

त्याने सगळं सांगितलं. हंसाबेनचं मशीन, टेबलावर बोललेलं खोटं, रोजचा सकाळचा हात. अंबिका पदराने कपाळावरचं पाणी टिपत ऐकत होती.

"म्हणजे रोज सकाळी माझा हात धरून बसत होतात ते..."

"मोजत होतो."

"मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय." तिने हात पुढे केला. "दाखवा बघू ती."

त्याने खुंटीवरच्या पिशवीतून पट्टी काढून दिली. तिने ती दाराकडून येणाऱ्या उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"यात मी आहे?"

"होतीस."

तिने पट्टी घाईघाईने पालथी करून मांडीवर ठेवली आणि गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच लवूच्या लक्षात आलं, की ही बाई जी एवढे टोमणे मारते ना, तीही घाबरलेली आहे. बहुतेक त्याच्याहून जास्त. पडते ती. तो अंधार तिला दिसतो.

"मरताना काय वाटतं ते मला चार वेळा कळलंय," ती हळूच म्हणाली. "विहिरीत दोर सुटल्यासारखं. ऑगस्टपर्यंत मी नाही असं पडत बसणार. उद्यापासून मला त्या म्हात्र्यांच्या खाटेवर नेऊन टाका. येऊ दे काय यायचं ते तिथे. मणीपण तिथेच ओवीन."

डॉक्टरांना ते पटवायला वेळ लागला. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, की चुलीशेजारी पडण्यापेक्षा इथे खाटेवर बरं. आतल्या खोलीतली खाट त्यांनी मोकळी केली, ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ ओढला, ताटलीत एक इंजेक्शन भरून ठेवलं. एकच अडचण होती. कागदाचं रीळ मशीन सतत चालवलं तर वीस मिनिटांत संपतं. तेव्हा वायरी लावून ठेवायच्या आणि मशीन थांबवून ठेवायचं. अंबिकाने 'आलं' म्हटलं की बटण दाबायचं.

"मी बाहेर पेशंट बघत असणार. बटण तुम्ही दाबायचं, काका. आणि एक लक्षात ठेवा." डॉक्टरांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "दाबल्यावर मला हाक मारा, पण काकूंना हात लावायचा नाही. हलवायचं नाही, धरायचं नाही. तुम्ही हात लावलात की रेघ बिघडणार आणि तिकडचे म्हणणार, बघा, वायर सैल होती. मी आत येईपर्यंत नुसतं बघायचं."

लवूने कारखान्यात रजा टाकली. बुधवार गेला, गुरुवार गेला. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. अंबिका खाटेवर आडवी, छातीवर चादर, चादरीखालून वायरी. पोटावर मण्यांची वाटी ठेवून ती सर ओवायची. लवू स्टुलावर, अंगठा बटणाला टेकवून. पडद्यापलीकडे ताप, खोकला, गोवराची पोरं, टाके काढायला आलेला कुणी. इकडे हे दोघं.

"अंगठा दुखत असेल," ती म्हणायची.

"नाही."

"दुसऱ्या हाताचा लावा जरा."

"डाव्याचा भरवसा नाही."

"लग्नात माळ घालताना बरा चालला होता डावा."

शनिवार गेला. रविवारी घरी दोघंही एकमेकांवर पाळत ठेवून होते. सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाहेर एक लहान मूल इंजेक्शनच्या भीतीने भोकाड पसरून रडत होतं. अंबिका त्याला हसत होती. हसता हसता तिची सुई थांबली.

"अहो," ती म्हणाली. "आलं."

अंगठ्याने दाबलं. लवूने नाही, अंगठ्याने. कागद सरकायला लागला. दोन टोकं उमटली, मोठी, धारदार. मग तिसरं आलं नाही.

"डॉक्टर!" तो ओरडला.

अंबिकाची मान एका बाजूला कलंडली. वाटी लवंडली आणि मणी टपटप करत फरशीवर पसरले. तिचे डोळे अर्धे उघडे, त्यात बघणारं कुणी नाही. चेहरा भस्मासारखा झाला. तिचा हात लवूच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. सत्तावीस वर्षांत ती त्याच्यासमोर पडली आणि त्याने हात पुढे केला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. त्याने आपला मोकळा डावा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. कागद सरकत होता. एक चौकोन, दुसरा, तिसरा. मशीनची घरघर चालू होती आणि काटा जागच्या जागी कुडकुडल्यासारखा हलत होता. बारा. तेरा. आता हात लावावा. जाऊ दे पट्टी. अठरा. एकोणीस. अंबे. बावीस. बावीसला संपायला हवं होतं. मागच्या वेळी बावीसला संपलं होतं. तेवीस. चोवीस.

पडदा सरकला. डॉक्टर आत आले, त्यांच्या हातात इंजेक्शन होतं, आणि त्याच वेळी काट्याने उंच उडी मारली. मग थांबून दुसरी. मग तिसरी.

अंबिकाने डोळे उघडले. छताकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"दाबलंत का?" तिने विचारलं.

लवू फरशीवर गुडघे टेकून बसला आणि मणी गोळा करायला लागला.

इंजेक्शन देऊन होताच डॉक्टरांनी पट्टी फाडून खिडकीपाशी नेली. "सत्तावीस. आणि हे बघा काका, इकडे या. मोठी टोकं गेली, पण हे बारके बारके उंचवटे चालूच आहेत, दिसतात? वायर सुटली असती तर हेसुद्धा गेले असते. हृदयाचा वरचा कप्पा हाका मारतोय आणि खालचा ओ देत नाही. आता कुणी म्हणू दे सैल वायर." त्यांनी फोन करून अँब्युलन्स बोलावली. चिठ्ठी लिहून त्यांनी ती पट्टीसकट लवूच्या हातात दिली. "आधी झेरॉक्स काढा. दोन. प्लास्टिक नको."

अँब्युलन्स हंसाबेनच्या दुकानासमोर मिनिटभर थांबली. लवूने पट्टी दोन्ही हातांनी धरली होती. हंसाबेनने झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं, तरी तो ती सोडेना.

"गरम होतं का हे?"

"नहीं, लवूभाई. ये तो सिर्फ उजाला डालता है." तो तरी हलेना. तेव्हा हंसाबेनने आपला तळवा काचेवर ठेवला, झाकण अर्धवट पाडलं आणि बटण दाबलं. उजेडाची पट्टी तिच्या हाताखालून सरकली. कागदावर तिचा हात उमटून आला, रेषांसकट. "देखो. ठंडा."

मग त्याने पट्टी काचेवर ठेवली.

दहिसरच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. सायरन वाजत होता आणि कुणी फारसं हलत नव्हतं. लवूच्या एका हातात पट्टी, दुसऱ्यात अंबिकाचं मनगट. चव्वेचाळीस. छत्तीस. अंबिका डोळे मिटून होती. मध्येच म्हणाली, "बोला काहीतरी. नुसते मोजू नका." त्याने विचारलं, "गॅस बंद केलाय ना?" ती डोळे न उघडता हसली.

कॅज्युअल्टीत ती डॉक्टरीण नव्हती. दुसराच एक उंच मुलगा होता, स्टेथोस्कोप मानेभोवती, चिठ्ठी वाचता वाचता म्हणाला, "छोट्या दवाखान्यांत वायर..." आणि त्याने पट्टी बघितली. वाक्य तिथेच राहिलं. अंबिका स्ट्रेचरवरून उतरायला पाय खाली सोडत होती, तिला त्याने जवळजवळ ओरडूनच थांबवलं. "मावशी, उठायचं नाही! एक पाऊल चालायचं नाही!" लगेच त्याने आत कुणाला तरी हाक मारली. दोघं धावत आले.

इतके दिवस लोकांनी घाबरावं म्हणून तो धडपडत होता. आता ते घाबरले होते.

"ऑगस्टची तारीख होती आमची," तो उगीचच म्हणाला.

"कसला ऑगस्ट, बाबा. मानेतून तात्पुरती वायर घालतोय, आत्ता. कायमचं यंत्र या आठवड्यात. ओरिजिनल द्या ती." त्याने पट्टीचं टोक धरलं. लवूची बोटं सुटेनात. त्याने सोडायचं ठरवलं होतं, पण बोटं सुटेनात.

"सोडा, अहो," अंबिका स्ट्रेचरवरून म्हणाली. "राहू दे त्यांच्याकडे. मी जातेय ना आत."

स्ट्रेचर गेला. दार मागेपुढे हलून बंद झालं.

बाकावर जागा होती, पण तो बसला नाही. दोन वाजले. सवयीने त्याचा हात खिशावर गेला. दोन वाजून एक. दोन वाजून दोन. दार उघडून वॉर्डातली एक मदतनीस मावशी बाहेर आली आणि तिने त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. "गोताडचे ना तुम्ही? घ्या सामान." पिशवीत हिरव्या बांगड्या होत्या, मंगळसूत्र होतं आणि अंबिकाचा मोबाइल होता.

"सामान का दिलं? काय झालं तिला?"

"काय व्हायचंय? आत दागिने चालत नाहीत. वायर घालतायत." मावशीने दार कोपराने ढकललं आणि जाता जाता म्हणाली, "ऐका की, वाजतंय ना तिचं मशीन."

दार परत बंद व्हायच्या आत लवूने ते ऐकलं. टिंग. टिंग. टिंग. मग दार लागलं आणि आवाज तुटला.

त्याने घड्याळाकडे बघितलं नाही. पिशवी छातीशी धरून तो दाराच्या फटीपाशी जाऊन उभा राहिला. पाच मिनिटांनी कुणीतरी सलाइनच्या बाटल्या घेऊन आत गेलं. टिंग, टिंग, टिंग, टिंग. या वेळी चार मिळाले. आता दार पुन्हा कधी उघडतंय, त्याकडे डोळे लावून तो उभा होता.